अकरा सेकंद

गल्लीत त्याला सगळे ढगोबा म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण तो रंग ऊनपावसानं कधीच धुऊन नेला होता, आणि पाटी नव्यानं रंगवावी असं ढगोबाला कधी वाटलं नाही. हवेनं खाल्लेली वस्तू त्याला कोऱ्या वस्तूपेक्षा जास्त जवळची वाटायची.

धंदा पुस्तकबांधणीचा. कचेऱ्यांची दप्तरं, शाळेच्या ग्रंथालयातली उसवलेली पुस्तकं, कुणाच्या वडिलांची पानं सुटलेली डायरी, असं काय काय त्याच्याकडे यायचं. तो पानं जुळवायचा, सुईदोऱ्यानं शिवायचा, पाठीला खळ लावायचा, पुठ्ठा चढवायचा आणि लोखंडी दाबयंत्राखाली ठेवून द्यायचा. हवेत ओल असली की खळ वाळत नाही, पुठ्ठा वळतो. म्हणून आभाळाकडे बघायची सवय आपल्याला धंद्यानं लावली, असं तो सांगायचा.

"काही नाही हो," बायको म्हणायची, "सवय आधीची आहे. धंदा नंतर शोधलाय, सवयीला शोभेलसा."

बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसायची. सकाळी ती डबा भरत असायची तेव्हा ढगोबा गच्चीवर असायचा. पाऊस मोजायचं नळकांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण, आणि चारही बाजूंना झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी, तिच्यात तापमापक. ही पेटी शेजारच्या मिस्त्रीनं करून दिली होती. मिस्त्री म्हणजे सुतार. दोघांच्या घरांमध्ये एक भिंत, एक जिना आणि एक गच्ची. दोघांचे केस एकाच वेळी काळे होते आणि आता एकाच वेळी पिकत होते. पेटी करताना मिस्त्री म्हणाला होता, "लेका, लोक देवाला देव्हारा करतात, तू हवेला करतोयस." पण झडपांचा तिरपेपणा त्यानं असा साधला होता की वारा आत जायचा आणि ऊन बाहेर राहायचं.

पाऊस ढगोबाच्या लेखी रोजचा शेजारी. वादळ म्हणजे घरची लेक; कधीतरी येणारी, आली की घर डोक्यावर घेणारी. ती येणार असली की त्याला दोन दिवस आधी कळायचं. जेवणात लक्ष नसायचं, खळ पातळ व्हायची, शिवण तिरकी जायची. आणि वीज चमकली की तो मोजायला लागायचा. एक, दोन, तीन... गडगडाट कानी आला की थांबायचं. तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजताना मध्ये बोललेलं त्याला चालायचं नाही. कुणी बोललं तर तो नुसता हात वर करायचा, पंजा उघडा. एकदा बायकोनं दूध उतू जातंय म्हणून हाक मारली, तर यानं हात वर केला. दूध गेलं, शेगडी विझली, आणि हा खाली येऊन म्हणाला, "सात! सव्वादोन किलोमीटरवर आहे!" ही गोष्ट बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सगळे हसायचे. ढगोबाही हसायचा.

आपल्यासारखे आणखी तीसेक वेडे त्यानं शोधून काढले होते. वेगवेगळ्या गावचे, आपापल्या गच्चीवरून आभाळाची नोंद ठेवणारे. त्यांचा फोनवर एक गट होता. गटाची प्रमुख एक निवृत्त भूगोल शिक्षिका, तिला सगळे बाई म्हणायचे. प्रत्येकाच्या नोंदी जुळवून वादळ कुठून कुठे गेलं त्याचा नकाशा बाई काढायच्या. त्या नकाशात आपल्या गच्चीवरून एक मोठं वादळ जावं, एवढीच ढगोबाची आयुष्याकडून मागणी होती.

ते एका दुपारी आलं.

चारच्या सुमारास पश्चिमेकडची ढगांची कड खाली आली. शिवण उसवलेल्या पुस्तकासारखी ती लोंबत होती, आणि तिच्या पोटात हिरवट उजेड होता. बायको दवाखान्यात. दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून ढगोबा दोन-दोन पायऱ्या टाकत गच्चीवर गेला. एका हातात वही, दुसऱ्या हातात आवाज टिपायला सुरू केलेला फोन. चार वाजून दहा मिनिटांनी धुळीची भिंत आली. वारा असा आला की गच्चीवरच्या दोऱ्या वाजायला लागल्या. चार बाराला खालून, दक्षिणेकडून, मोठा धडाका झाला आणि मग पत्रा घासत गेल्याचा लांबलचक आवाज.

ढगोबानं तो ऐकला. वाऱ्याच्या जोराचे नंबर असतात. नऊ नंबरात कौलं निघतात, दहात बांधकाम मोडतं. त्यानं वहीत 'नऊ' लिहिलं होतं. ते खोडलं, 'दहा' लिहिलं, आणि फोनमध्ये ओरडला, "दहा! दहा नंबर आहे!"

पत्रा कुणाचा, हे बघायला कठड्यापर्यंत तीन पावलं जावी लागली असती. तो गेला नाही. आभाळ पश्चिमेला होतं.

पहिली वीज पंधरावर मोजून झाली होती; धडाक्यानंतर दोन मिनिटांनी दुसरी चमकली आणि तो मोजायला लागला. एक, दोन, तीन. मागून, जिन्याच्या तोंडाशी, मिस्त्रीच्या बायकोचा आवाज आला.

"भाऊजी..."

ढगोबानं न वळता हात वर केला. "थांबा वहिनी, मोजतोय."

चौदाला गडगडाट झाला. त्यानं आकडा लिहिला आणि वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं. गच्चीवरचे कपडे न्यायला आल्या असतील, असं त्याच्या मनात आलं आणि गेलं. तेवढ्यात पुढची वीज चमकली.

मग त्याला भान राहिलं नाही. चौदा, तेरा, नऊ, पाच. ती जवळ येत होती. पन्नाशी उलटलेला तो पुस्तकबांधणीवाला दोन्ही हात पसरून, घसा फोडून तिला बोलवत होता. "ये गं, काळ्या केसांची, मोकळी ये! दार उघडं आहे, सगळी ये! ये! ये!" मग पाऊस कोसळला. तो जिन्याच्या माथ्यावरच्या छपराखाली सरकला आणि पाऊस विरळ होईपर्यंत, पाऊण तास, तिथंच उभा राहिला. भिजलेला, थरथरणारा, आयुष्यात इतका सुखी कधीच नव्हता असा.

खाली उतरला तेव्हा गल्लीत माणसं जमली होती आणि मिस्त्रीला गाडीत घालून नेलेलं होतं.

परसातल्या सुतारखान्याचं छप्पर खाली आलं होतं. पत्रा उडाला तो उडाला, त्याच्यापाठोपाठ तुळई कलंडून मिस्त्रीच्या उजव्या हातावर बसली. वहिनी घरात कॉलर-कफ शिवत होत्या. धावत गेल्या. तुळई एकट्या बाईला उचलण्यासारखी नव्हती. गल्लीत दारं-खिडक्या बंद, वाऱ्यात हाक पोचत नव्हती. शेवटी चौकातला सायकल दुरुस्तीवाला आणि त्याच्याकडे आडोशाला थांबलेले दोघे आले, तेव्हा पाच वाजायला आले होते.

वहिनी त्याआधी गच्चीवर गेल्या होत्या, हे कुणी बोललं नाही. कारण ते दोघांनाच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी ढगोबा बायकोबरोबर इस्पितळात गेला. मिस्त्रीच्या उजव्या हाताला उशीएवढं बँडेज होतं. दोन बोटं काढावी लागली होती, तिसरं वळत नव्हतं. रंधा धरायचा हात. खाटेभोवती गल्लीतली चार माणसं उभी होती, त्यात सायकलवालाही. सगळी वाट ढगोबानं जुळवत आणली होती: वहिनींची माफी मागायची, मिस्त्रीला सांगायचं, रडू आलं तर रडायचं. तो खाटेजवळ गेला आणि तोंड उघडणार तोच मिस्त्रीनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"हा बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "हा माणूस होता म्हणून मी शुद्धीवर राहिलो. छपराखाली अंधार, हात जातोय की राहतोय कळेना. आणि वरून याचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण आवाज ओळखला मी. ओरडतोय, ओरडतोय, कोकलतोय. लोकांना हाका मारत होता! मी म्हटलं, ढगोबा बोलावतोय ना, मग कुणीतरी येईलच. धीर धर."

सायकलवाल्यानं ढगोबाच्या पाठीवर थाप मारली. "मला वाटलंच, त्याशिवाय का आमच्या मनात आलं बाहेर बघायचं!"

ढगोबाच्या बायकोचे डोळे भरून आले. "मला बोललासुद्धा नाहीत," ती म्हणाली.

वहिनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होत्या. पेला भरला, काठापर्यंत आलं, तरी ओतत होत्या. पाणी खाटेच्या कडेवरून खाली ठिबकायला लागलं तेव्हा थांबल्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी त्यांच्या कामात होते."

ते तिथल्या सगळ्यांना कौतुकासारखं ऐकू आलं. एकट्या ढगोबाच्या पायाखालची फरशी सरकली.

त्या क्षणी बोलला असता तर बोलला असता. पण शरमेचं एक असतं. पहिल्या वेळी ती घशाशी येते, तेव्हा ओकून टाकता येते. गिळली की ती अंगात मुरते. परतताना बायको म्हणाली, "डॉक्टर सांगत होते, अर्धा तास आधी तुळई उचलली असती तर बोटं वाचली असती. पण तुम्ही तरी काय करणार, घसा बसेस्तोवर ओरडलात." त्याचा घसा खरोखरच बसलेला होता. त्यानं नुसती मान हलवली.

गल्लीनं मग ती गोष्ट उचलून धरली. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की न्हावी मागच्या माणसाला सांगायचा. कापड दुकानदार त्याला पाहून उठून उभा राहायचा. घरी आलेल्या मिस्त्रीकडे कोणी भेटायला आलं की मिस्त्री भिंतीवर डाव्या हाताची बोटं वाजवायचा, "अरे ढगोबा, ये की इकडे, पाहुण्यांना बघायचंय तुला!" आणि ढगोबा जायचा. न जाऊन सांगणार काय? वहिनी पलीकडच्या खोलीत मशीन चालवत असायच्या. गोष्ट हाकांपाशी आली की मशीन थांबायचं, गोष्ट पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचं. दारात समोरासमोर आले की वहिनी बाजूला व्हायच्या, तोही बाजूला व्हायचा, आणि दोघांच्या मधून नुसती हवा जायची.

सकाळची नोंद मात्र तो घेत राहिला. पेटीची झडप उघडली की सुताराच्या हातानं गुळगुळीत केलेल्या लाकडावर बोट लागायचं, आणि बोट भाजल्यासारखा तो हात मागे घ्यायचा.

दीड महिन्यानं बाईंचा निरोप आला. वादळाचा नकाशा पुरा होत आला होता, फक्त ढगोबाची ध्वनिफीत यायची होती. 'वादळ नेमकं तुमच्यावरून गेलंय,' बाईंनी लिहिलं होतं, 'आणि तुमच्याइतकं नेटकं मोजणारं दुसरं कोणी नाही.'

ढगोबानं दुकानाचं दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच ती फीत ऐकली. सव्वाआठ मिनिटं. वारा, पत्र्याचा धडाका, आपला हर्षाचा ओरडा. मग एक, दोन, तीन... 'भाऊजी.' फार मोठा नव्हता आवाज. कुणाच्या दारात उसनं मागायला उभं राहावं तसा होता. ढगोबानं फोन पालथा घातला आणि दाबयंत्राच्या चाकावर कपाळ टेकून बसला.

मग त्यानं एक गोष्ट केली. शिवण न तोडता पुस्तकातलं एक पान कसं काढायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं 'तीन'नंतरचं सगळं कापलं, 'भाऊजी'पासून 'चौदा'पर्यंत, आणि 'तीन'ला थेट गडगडाट जोडला. अकरा सेकंद. सांधा कुठे आहे ते त्याचं त्यालाही ओळखू आलं नाही. फीत त्यानं बाईंना पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"अहो ढगोबा, तुमचं वादळ उडी मारतंय."

"म्हणजे?"

"पहिली वीज पंधरा. दुसरी तीन. तिसरी परत लांब, चौदा, मग तेरा. पाच किलोमीटरवरून एकदम तुमच्या उशाशी आलं आणि चूक लक्षात आल्यासारखं परत मागं गेलं? इतकं लाजाळू वादळ मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही." बाई हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर मी खोडून टाकलं असतं. तुमचं आहे म्हणून विचारते. मूळ फीत आहे का?"

"आहे."

"मग रविवारपर्यंत द्या. त्या एका आकड्यानं वीज तुमच्या गल्लीच्या टोकाला पडल्यासारखी दिसतेय. खोटं टिंब नकाशात जायला नको."

फोन ठेवल्यावर ढगोबाच्या लक्षात आलं ते निराळंच. चौदा. वहिनी आल्या तेव्हा वीज जवळजवळ पाच किलोमीटरवर होती. पावसाचा थेंब नव्हता. आपण वादळाच्या तावडीत सापडलो होतो, हलता येण्यासारखं नव्हतं, असं त्यानं स्वतःला दीड महिना थोडं थोडं पटवत आणलं होतं. ते पटवणंही त्याच्याच आकड्यानं खोटं पाडलं. वादळ अजून यायचंच होतं. खाली जाऊन, तुळई उचलून, मिस्त्रीला घरात निजवून परत गच्चीवर यायलाही वेळ होता.

शनिवारी दुपारी तो शेजारी गेला. मिस्त्री मागे परसात होता. डाव्या हातानं करवत चालवायची सवय करत होता. दोन ओढी, मग शिवी, मग दोन ओढी, असा आवाज येत होता. वहिनी मशीनवर होत्या. शेजारी कफांची चळत.

"वहिनी," ढगोबा उंबऱ्यापाशीच थांबला. "एक विचारायचं होतं."

वहिनींनी दोरा दातानं तोडला. "विचारा."

"त्या दिवशीचा आवाज फोनमध्ये आहे. वादळाचा. त्यात तुमची हाक आहे. आमच्या बाईंना तो पाठवायचाय, अख्खा. तीस जण ऐकतील. तुमचा आवाज आहे म्हणून... तुमच्या परवानगीशिवाय नको."

वहिनींचा चेहरा उतरला. "आहे त्यात? सगळं?"

"सगळं."

"मी उभी होते, तेसुद्धा?"

ढगोबाला कळलं नाही. "तुम्ही लगेच गेलात ना?"

"मी थांबले होते." त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला, जणू ते आपोआप फिरायला लागेल. "तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबले. नवरा तिकडे तुळईखाली आणि मी जिन्यात हात बांधून उभी. तुमचं मोजून व्हायची वाट बघत. किती वेळ, कोण जाणे. पाच मिनिटं असेल, दहा असेल. ओरडले नाही. शर्ट धरून ओढलं नाही. यांना काय तोंडानं सांगू? तुमच्या हाकांची गोष्ट गावभर चालली होती, तिच्याआड माझंही झाकलं जात होतं. म्हणून गप्प बसले मी. तुमच्यासाठी नाही."

दीड महिना त्या खोलीत मशीन का थांबत होतं, ते ढगोबाला आत्ता कळलं. आपण जी जपत होतो ती शरम आपली एकट्याची आहे, हासुद्धा एक तोरा होता.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "दहा मिनिटं नाही. तुम्हीच ऐका."

त्यांनी फोन कानाला लावला. ढगोबा उभा होता, बसा म्हणायचं त्यांना सुचलं नाही. फीत त्या जागी आली तेव्हा त्यांचे डोळे मिटले. मग उघडले. "पुन्हा लावा." त्यानं लावलं. या वेळी त्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावलं. फितीत ढगोबाचा आवाज अकरा म्हणतो, आणि मग जिन्यावरून धावत उतरणाऱ्या चपला.

"आठ," वहिनी म्हणाल्या.

"आठ सेकंद," ढगोबा म्हणाला. "माझं मोजणं चुकत नाही. तुम्ही आठ सेकंद थांबलात. मी पाऊण तास."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या रडल्या नाहीत. खोल पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा एक श्वास त्यांनी घेतला. मग उठल्या आणि मागच्या दाराशी गेल्या.

"अहो, जरा आत या. भाऊजी आलेत."

"वहिनी, आधी मी त्याला..."

"तुम्ही काय सांगणार? दीड महिना नुसते डोळ्यांनी सांगताय. त्यात आहे ना सगळं? तेच बोलू दे."

मिस्त्री भुसा झटकत आत आला. "काय रे, आज न बोलावता? बस की! हिनं पाणीबिणी दिलं का नाही?"

"मिस्त्री," ढगोबा म्हणाला, "ते वादळ टिपलेलं आहे माझ्याकडे. तुला ऐकवायचंय."

"अरे वा! ऐकव की. हात खाल्ला माझा तुझ्या त्या लेकीनं, आवाज तरी ऐकू दे." तो स्टुलावर बसला, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. फोन त्यानं मशीनच्या फळीवर मधोमध ठेवायला लावला.

वारा वाजायला लागला. मिस्त्रीनं मान डोलवली. धडाका झाला, पत्रा घासत गेला.

"हा माझा," मिस्त्री म्हणाला.

आणि लगेच ढगोबाचा आनंदानं फाटलेला आवाज: 'दहा! दहा नंबर आहे!'

मिस्त्रीची मान डोलायची थांबली. मग मोजणं आलं, मग हाक आली, मग 'थांबा वहिनी'. मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, सरळ, मान वर करून. चपला जिन्यावरून उतरून गेल्या. चौदा. गडगडाट.

ढगोबानं फीत थांबवायला हात पुढं केला.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "पुढचं लाव."

"पुढं काही नाही रे, नुसतं..."

"लाव म्हटलं ना."

उरलेली चार मिनिटं त्या खोलीत वाजली. कुणाचा आनंद इतका उघडा, इतका नागडा, दुसऱ्यांच्या देखत कधी ऐकला गेला नसेल. 'मोकळी ये! सगळी ये! ये! ये!' ढगोबा भुसा सांडलेल्या फरशीकडे बघत बसला. कान झाकून घ्यावेसे वाटत होते, पण तेवढाही हक्क आपल्याला नाही असं वाटून त्यानं हात गुडघ्यांवर दाबून धरले. फीत संपली. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजून गेली.

"हाच आवाज," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे लोकांना नव्हतास बोलावत."

"नाही."

"तिला बोलावत होतास."

"हो."

"आणि मी इकडे म्हणतोय, धीर धर, ढगोबा बोलावतोय." त्यानं मांडीवरचा उजवा हात डाव्या हातात उचलून घेतला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "इस्पितळात मी बोललो, तेव्हा तू उभा होतास की तिथं. माझ्या हातात तुझा हात होता."

ढगोबानं मान हलवली.

"मोजत होतास ते एक वेळ समजेन. तुझं डोकं असलंच आहे, सगळ्यांना माहीत आहे. हिला हात वर केलास, तेही... नाही कळलं तुला. पण तिथं, खाटेपाशी? तिथं कुठली वीज चमकत होती रे?"

यावर ढगोबापाशी कुठलाच आकडा नव्हता. "लाज वाटली," एवढंच तो म्हणाला. "तेव्हाही वाटली. रोज वाटते."

मिस्त्री बायकोला म्हणाला, "तू का नाही बोललीस?" आणि उत्तराची वाट न बघता, "बरं, ते आपण नंतर बघू. तू ये इथं, बस." तिनं चळत सारून त्याच्याजवळ जागा केली. मग तो ढगोबाकडे वळला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

"मी गल्लीभर सांगत फिरलो. न्हाव्याला, कापडवाल्याला, पाहुण्यांना बोलावून बोलावून. आता परत दारोदार जाऊन 'नाही हो, तसं नव्हतं' म्हणायला मी जाणार नाही. हात गेला तेवढा पुरे, तोंडही माझंच जायला नको. ते तू सांग. एकेकाला. आणि ही फीत त्या तुझ्या बाईला दे, हिचा आवाज असू दे त्यात."

"असू दे," वहिनी म्हणाल्या.

"सांगून झालं की येऊ?" ढगोबानं विचारलं, आणि विचारताना आपण लहान मुलासारखे दिसत असणार हे त्याला कळलं.

मिस्त्रीनं खांदे उडवले. "ते मला आज माहीत नाही," तो म्हणाला. "जा आता."

ढगोबा उंबरा ओलांडून गल्लीत आला. घराचं दार उघडंच होतं. आत बायको नुकती कामावरून येऊन चप्पल काढत होती. तिलाही सांगायचं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड जाणार होतं. पण तिच्यापाशी आधी गेलो तर ती आपला हात धरून बसेल, आणि मग बाहेर पडणं व्हायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं दारातूनच "आलो" म्हटलं आणि चालू लागला.

गल्ली संध्याकाळच्या कामात होती. न्हाव्यानं हात केला. कापडवाला उठून उभा राहिला, आणि ढगोबा त्याच्याकडे न बघता पुढं गेला. मागं वळून त्यालाही सांगायचं होतंच, पण तुळई ज्यांनी उचलली त्यांच्यापासून सुरुवात करायची असं त्यानं ठरवलं होतं. चौकात सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. भोवती नेहमीची तिघंचौघं टेकली होती.

"या या!" सायकलवाला ओरडला. "काय म्हणतंय आभाळ?"

"आभाळाचं नाही," ढगोबा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "माझं आहे. सगळेच ऐका."

सायकलवाल्यानं ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. टेकलेले सरळ झाले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दीड महिन्याचं कौतुक अजून तसंच होतं. ते शेवटचं बघून घ्यावं असा मोह त्याला क्षणभर झाला. त्या मोहाचीही त्याला लाज वाटली, आणि त्यानं बोलायला सुरुवात केली.

"त्या दिवशी गच्चीवरून मी कुणालाही बोलावत नव्हतो."